परक्या हातची टीप

आदरणीय ताईंस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकलो आहे, याची नोंद घ्यावी.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरता ना? साडूभाऊंचा खोकला थांबला का, की अजूनही शेजाऱ्यांना उठवतो? आमच्याकडचं काय सांगू? आमच्या घरातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं, हे मला नुकतंच कळलं आहे, आणि त्याच विषयावर हे पत्र आहे. पण मी शिंपी माणूस, आधी माप घेतो आणि मग कापतो, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

हिची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं की ही कॅन्सरच्या पेशी नेमक्या हुडकून काढते, बाकीच्यांना शक्यतो हात लावत नाही. टार्गेटेड म्हणतात तिला. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, वा! मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी हिच्या मनात नेमकं काय आहे ते हुडकता आलं नाही, आणि ही कालची गोळी पहिल्याच दिवशी थेट आत! आणि मान तरी किती! गोळी रोज ठरल्या वेळी, उपाशीपोटी. त्यामुळे चहा थांबतो, नाश्ता थांबतो, मी थांबतो. चावायची नाही, कुटायची नाही, पाण्याबरोबर सबंध गिळायची. (माझं एकही बोलणं तुमच्या बहिणीनं आजवर न चावता गिळलेलं नाही.) एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ग्रेपफ्रूट नावाचं फळ खायचं नाही, जे आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं, पण आता ते घरात येईल या धास्तीनं ही माझी पिशवी तपासते. एका गिऱ्हाइकानं मला शक्तीचं चूर्ण दिलं होतं, ते मी कौतुकानं हिला नेऊन दिलं, तर हिनं ते तोंडात घालण्याआधी हॉस्पिटलात विचारलं. तिथून उत्तर आलं की न विचारता कसलंही चूर्ण, काढा घ्यायचा नाही, गोळीशी भांडतं. म्हणजे आता मी घरात काय आणायचं हेही गोळीच ठरवणार.

तरी मी मोठ्या मनानं मदत करायला गेलो. ताई, दुकानात माझी ती खणाखणांची बटणांची पेटी आहे ना, ती मी स्वच्छ धुतली, वाळवली आणि एकेका खणात एकेका दिवसाची गोळी मांडून हिच्यापुढे ठेवली. इतकी देखणी दिसत होती पेटी! दुसऱ्या दिवशी हिनं खणातून गोळी उचलली, ओठांपर्यंत नेली आणि थांबली. म्हणाली, "अहो, गोळीला चार भोकं कशी?" ते शर्टाचं बटण होतं. खणाच्या कोपऱ्यात चिकटून बसलेलं, धुवूनही न निघालेलं, आणि गोळी त्याच्याखाली. मग हॉस्पिटलात फोन, आणि मग माझी जी काही शिलाई उसवली! गोळ्या त्यांच्या मूळ बाटलीतच ठेवायच्या असतात. दुसऱ्या माणसानं त्यांना उघड्या हातांनी शिवायचंसुद्धा नसतं, चुकून लागल्या तर हात धुवायचे. मी हात धुतले. माझ्या बायकोच्या औषधाला हात लावला म्हणून मी हात धुतले, ताई! त्या पेटीतल्या गोळ्यांचं काय करायचं ते औषधवाल्यांना विचारून ठरलं आणि पेटी दुकानात परत गेली.

हा फोन ज्यांना जातो त्या नर्सबाई. त्यांना मी एकदाच पाहिलं आहे, बाई सज्जन आहेत, आणि हीच माझी खरी अडचण आहे. त्यांचा फोन आला की ही गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. अंगावर पुरळ आलं की त्यांना, तळवे जळजळले की त्यांना, क्रीम कुठलं लावू ते त्यांना, उन्हात जाऊ का ते त्यांना. दारापलीकडून हसण्याचे आवाजसुद्धा येतात. मी विचारलं, कसं वाटतंय? तर उत्तर एकच, "बरंय." एवढ्या वर्षांच्या संसाराला 'बरंय' आणि फोनवरच्या बाईला अख्खी कहाणी! माझ्या पोटात दुखत होतं हे मी कबूल करतो. एकदा तर मी स्वतःच त्यांना फोन करून माझी कंबर दुखते असं सांगितलं. त्यांनी सहानुभूतीनं ऐकलं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात मी हिच्या निळ्या ब्लाउजला इस्त्री करत होतो. (इस्त्री मीच करतो, तिचा हात लवकर दुखतो.) उलटा केला आणि माझा हात तिथेच थांबला. दोन्ही बाजू आत घेतलेल्या. टीप माझी नव्हती! ताई, मी हिचे कपडे लग्नाआधीपासून शिवतो आहे. आत जादा कापड, ज्याला आम्ही माया म्हणतो, ते मी नेहमी दोन बोटं ठेवतो. ती सगळी माया कुणीतरी दाबून टाकली होती, बारीक, सफाईदार टिपेनं. वाईट टीप असती तर मी सहन केली असती. मग कपाट उघडलं. हिरवा, पांढरा, राखाडी, सगळे आवळलेले. दुसऱ्या शिंप्याचा हात माझ्या बायकोच्या कपाटात! मी इस्त्री उभी करून खाली बसलो.

टीप मी ओळखली होती. पलीकडच्या रस्त्यावरचा फॅशनवाला, ज्याच्या दुकानात मोठा आरसा आहे आणि जो गिऱ्हाइकांना बसायला फिरती खुर्ची देतो. मी निळा ब्लाउज पिशवीत घातला आणि तडक त्याच्याकडे गेलो. काय काय बोलायचं ते रस्त्यानं पाठ करत होतो. आत शिरलो तर त्यानं खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "वहिनी कशा आहेत?" माझं पाठ केलेलं सगळं तिथेच पुसलं गेलं. मग त्यानंच सांगितलं. तुमच्या मेहुणीबाई आल्या होत्या, म्हणाल्या, बहीण बारीक झालीय, तिच्या नवऱ्याला कळता कामा नये, जरा नीट आवळून द्या. ताई, मेहुणीबाई म्हणजे तुम्ही! मागच्या खेपेला माझ्याच घरी राहून, माझ्याच हातचा चहा पिऊन, पिशवी घेऊन पलीकडच्या रस्त्यावर! मी त्याच्या फिरत्या खुर्चीत एक पूर्ण गिरकी घेतली, रागात नाही, तोल गेला म्हणून.

घरी येऊन ब्लाउज हिच्या मांडीवर ठेवला. तिनं टिपेवरून बोट फिरवलं आणि बोलायला लागली. कितीतरी दिवस जुलाब होत होते. दिवसातून किती वेळा, ते तिनं मोजणंच सोडलं होतं. अन्न जात नव्हतं. मी दुकानात असताना आडवी पडायची आणि मी यायच्या आधी उठून बसायची. मी विचारलं, नर्सबाईंना सांगितलंस? नाही म्हणाली. खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं. म्हणजे त्यांनाही नाही तर! मग विचारलं, का? दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी तिला सांगितलं होतं की त्रास सांगितला की गोळी कमी करतात, आणि कमी केली की संपलं. म्हणून ती गोळीला सांभाळत बसली होती, स्वतःला सोडून. मी घाबरलो, ताई. मी हिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं, ज्या बाईवर मी इतका जळत होतो, तिलाच फोन लावला.

त्याच दिवशी बोलावलं. गोळी थोडे दिवस थांबवली, जुलाबाचं औषध दिलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं आणि मग कमी ताकदीची पुन्हा सुरू केली. डॉक्टर म्हणाले, कमी करणं म्हणजे हरणं नाही, अंगाला झेपेल एवढी दिली तरच ती रोज घेता येते. आणखी लपवलं असतंत तर मात्र कायमची बंद करायची वेळ आली असती. ही माझ्याकडे बघत होती. ढगळ कपडा मापात आणायचा असतो, फेकायचा नसतो, हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे, आता तेच डॉक्टर हिला सांगत होते. आता ती निम्मी पोळी खाते आणि माझ्याशी पूर्वीसारखी भांडते.

बाकी सर्व क्षेम. तुमचा लोभ आहेच, त्यातला थोडा उघडपणे आमच्याकडे पाठवत जावा.

तुमच्या बहिणीचा नवरा
(आणि तिचा शिंपी)

ता.क. तुमच्या गुडघ्याची चौकशी मनापासून आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. ती तुम्हाला फोनवर काहीबाही सांगेल आणि 'यांना सांगू नकोस' म्हणेल. तुम्ही हो म्हणा आणि मला सांगा. मला तुमचा हेवा वाटेल, रात्रभर कूस बदलीन, ते माझं मी बघेन. पण सांगा. ताप आला, रक्त दिसलं, धाप लागली, पुन्हा जुलाब सुरू झाले, काहीही असो, कळवा. तेवढ्यासाठी हात जोडतो.

ता.क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो तोच ही दुकानात आली. मशीन थांबवायला लावलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "आज पुन्हा पोट बिघडलंय. दोनदा." ताई, बायकोला जुलाब झाले हे ऐकून कुणी माणूस इतका सुखावला नसेल. मला सांगितलं! मला! मी ऐटीत नर्सबाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, हो, मघाशीच त्यांचा फोन येऊन गेला, औषध सांगितलंय, पुन्हा झालं तर लगेच कळवा. म्हणजे माझा नंबर दुसरा. हरकत नाही. तुम्हाला तर हे पत्र मिळाल्यावर कळणार आहे.