खिडकीकडची भिंत

रविवार, ४ डिसेंबर २०११. परतीच्या ट्रेनमध्ये.

ट्रेलर घेतला. घेतला म्हणजे घेतलाच. आता कोणाच्या बापाचं ऐकणार नाही.

१९७२ चं मॉडेल. माझ्याच वयाचा, आणि माझ्यासारखाच कोणी विचारत नाही म्हणून पडून. बाहेरून ठणठणीत. आतल्या भिंतींचं प्लायवूड कुजलंय, वरचं रेक्झिन लोंबतंय, मधला फोम बोट लावलं की भुरभुर पडतो. मामुली काम. सहा पॅनल, सहा रविवार.

मालक ओनुमा-सान. वय चौऱ्याहत्तर, टोकियोबाहेर त्सुकुबात घर. ट्रेलर त्यांच्याच कांद्याच्या वाफ्याशेजारी उभा राहील, जागा देतायत. मार्चच्या भूकंपात त्यांची कौलं पडली, छपरावर अजून निळी ताडपत्री आहे. चाळीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवल्या म्हणे, भिंतींच्या कामाला मदत करतो म्हणाले. नको म्हटलं. ज्याला स्वतःचं छप्पर धड करता येत नाही त्याने मला भिंती शिकवू नयेत.

पुण्याला वृंदाला फोन. ती आणि लेक ईश्वरी मार्चपासून तिकडेच. टोकियोत हिगाशी-कसाईच्या आमच्या नवव्या मजल्यावर परत पाऊल ठेवणार नाही म्हणते. ठीक! मग नववा मजला नको. चाकांवरचं घर! जमीन हलली तर चाकं हलतील. त्यावर तिने विचारलं, हे ओढणार कोण, तुझ्याकडे गाडी कुठाय. चांगल्या कामात पहिली शंका घरातूनच येते. गाडी हा फेज टू आहे.

मार्चमध्ये दोघी आठवडाभर येणार. तेव्हा पटलं तर ईश्वरीचा इथल्या, कोतोच्या शाळेचा फॉर्म भरणार, नाही पटलं तर पुण्यातली शाळा कायमची. म्हणजे डेडलाइन ११ मार्च. चौदा रविवार आहेत, लागणार सहा. आठ रविवार आराम.

रविवार, ११ डिसेंबर

आज भूकंपाला नऊ महिने झाले. वृंदाने फोनवर विषय काढलाच. मी परत सांगितलं: ट्रेन बंद होत्या, प्रॉडक्शन सर्व्हरची जबाबदारी माझ्यावर होती, रात्रभर ऑफिसात थांबावं लागलं. किती वेळा सांगायचं? तिने नंदकिशोरचं नाव घेतलं. मी फोन ठेवला.

नंदकिशोर: आमच्याच ऑफिसात, आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी हा गृहस्थ ऑफिसातून, कोतोहून, चालत घरी आला. लिफ्ट बंद, म्हणून पाण्याच्या बाटल्या घेऊन नऊ मजले चढून माझ्या घरी गेला आणि माझ्या बायको-मुलीजवळ बसला. कोणी सांगितलं होतं? काही लोकांना दुसऱ्याच्या घरात हिरो व्हायची हौस असते.

पॅनल काढली शून्य. स्क्रू गंजलेत. १९७२ साली स्क्रू लावणाऱ्यावर केस केली पाहिजे.

रविवार, २५ डिसेंबर

सहाच्या सहा पॅनल निघाली! दोन निघाली, चार तुटून निघाली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने नंबर घातले. सिस्टिम म्हणजे सिस्टिम.

ओनुमा-सान कुंपणापाशी उभे राहून आखणीबद्दल बराच वेळ काहीतरी समजावत होते. पालथं, सुलटं, वगैरे. थंडीत पाय बधिर झाले होते. मी हाय, हाय, म्हणजे हो, हो म्हणत राहिलो. जपानमध्ये एवढं पुरतं.

रेक्झिनचं काम वृंदाला दिलं. इकडे चांगला रंग मिळत नाही. रविवार पेठेतून मोहरी रंगाचं अठरा मीटर घेऊन जो कोणी येत असेल त्याच्या बॅगेतून पाठव म्हटलं. तिलाही वाटलं पाहिजे की घर आपण मिळून करतोय.

शनिवार, १४ जानेवारी २०१२

संताप! संताप!! रेक्झिन आलं. कोणाच्या बॅगेतून? नंदकिशोरची बायको रेखा पुण्याहून परत आली, तिच्या बॅगेतून. अख्ख्या जपानात पुण्याहून येणारं दुसरं कोणी नव्हतं? वृंदा म्हणाली, रेखाने स्वतःची चकलीची भाजणी बॅगेतून काढून ठेवली आणि तुझं रेक्झिन घेतलं, जाऊन आभार मान.

मी जाणार नाही. त्यांना वर आणून देता येत नाही का? त्या दिवशी पाणी घेऊन बरे नऊ मजले चढता आले.

रविवार, २२ जानेवारी

गेलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

त्सुकुबात नवीन प्लायवूड आणलं. जुनी पॅनल त्यावर पालथी ठेवली (म्हणजे नंबर वर दिसतात), पेन्सिल फिरवली, कापलं. सहा पॅनल एका दिवसात! ओनुमा-सान म्हणाले, जुनी काम संपेपर्यंत ठेवा. या लोकांना एक वस्तू टाकवत नाही. ऐकलं नाही. नगरपालिकेची मोठ्या कचऱ्याची चिठ्ठी चिकटवून जुनी सगळी पाठवून दिली.

रविवार, ५ फेब्रुवारी

नंदकिशोरने ऑफिसात लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, शिरीष, रेक्झिन वर आणून देऊ का. खोचून बोलला. आवाज साधा होता, पण मला कळतं.

आणून दिलं. सोबत भाजणीचा डबा. म्हणजे रेखाने भाजणी काढली नव्हतीच, किंवा नंतर दुसरी केली. एकूण काय, लोक खोटं बोलतात. (चकल्या मला येत नाहीत. डब्यातून नुसती भाजणी दोनदा तोंडात टाकली. चांगली आहे.)

फोम चिकटवला. पेन्सिलच्या रेघा दिसत होत्या त्याच बाजूला, म्हणजे कडेला बरोबर बसतो. स्प्रेच्या वासाने डोकं दुखलं. स्प्रे कंपनीला मेल लिहिणार आहे.

शनिवार, ११ फेब्रुवारी. सुट्टी.

रेक्झिन ताणायला घेतलं. स्टेपल गनने एक पिन डाव्या अंगठ्यात. ओनुमा-साननी औषध लावून पट्टी बांधली आणि न बोलता एक कोपरा ताणून दाखवला: आधी चारी बाजूंच्या मधोमध पिना, मग कोपऱ्यांकडे. तो एक कोपरा आरशासारखा गुळगुळीत बसला. बाकी सगळीकडे सुरकुत्या आहेत. सुरकुत्यांनी उबदार वाटतं.

वृंदा फोनवर म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी कोणालाच दोष दिलेला नसताना!

रविवार, १९ फेब्रुवारी. दुपारी ४.

बसत नाही.

एकही पॅनल बसत नाही. खिडकीचं भोक पुढच्या अंगाला आलंय, खिडकी मागच्या अंगाला आहे. चाकाचा उंचवटा डावीकडे, त्याची खाच उजवीकडे. सगळं उलटं. आरशात बघितलं तर बरोबर.

ओनुमा-सान आले, बघितलं, आणि खाली बसले. मग हळूहळू सांगितलं की पालथ्या फळीवरून आखलं तर आखलेली बाजू ही मागची बाजू. फोम दुसऱ्या बाजूला लावायचा. हे त्यांनी डिसेंबरात सांगितलं होतं म्हणे.

मग ओरडून सांगायला काय झालं होतं? यांच्या या नम्रतेने माणसं बुडतात! जुनी पॅनल असती तर परत आखता आली असती. ती का नाहीत, तर कचऱ्याची गाडी इकडे वेळेवर येते म्हणून.

रविवार, ४ मार्च

झालं. बहुतेक झालं. डावीकडची पॅनल उजवीकडे ठोकली, जिथे बसली नाहीत तिथे करवत चालवली. प्रश्न राहिला खिडकीकडच्या भिंतीचा. उलटं भोक बुजवायला रेक्झिन नाही, वेळ नाही. शेवटी उरलेली अख्खी फळी, बिनभोकाची, रेक्झिनचे तुकडे जोडून सरळ खिडकीवर मारली. मागची छोटी खिडकी गळते म्हणून ओनुमा-साननी केव्हाच पत्र्याने बंद केली आहे. त्यामुळे आता ट्रेलरला आतून एकही खिडकी नाही.

बिघडलं काय? बाहेर बघायला आहे काय? कांदे. उलट भूकंपात पहिली काच फुटते. काच नाही तर धोका नाही. हे आधीच सुचायला हवं होतं. वृंदाला डिझाइन फीचर म्हणून सांगायचं.

शुक्रवार, ९ मार्च

दोघी आल्या. ईश्वरी चार बोटं उंच झाली. वृंदा लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी होती. फॉर्म तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवला, कोरा. रविवारी बोलू म्हणाली.

संध्याकाळी रेखा-नंदकिशोर भेटायला आले. वृंदा रेखाच्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात नाही पडली. मी किचनमध्ये जाऊन चहा जास्त उकळला.

रविवार, ११ मार्च

त्सुकुबा. पावणेतीनला गावाच्या भोंग्यावरून घोषणा झाली. एक वर्ष झालं म्हणून सगळीकडे मिनिटभर शांतता. ओनुमा-सान वाफ्यात मान खाली घालून उभे. मुद्दाम हीच वेळ निवडली होती मी. भोंगा थांबला की दार उघडायचं: हे बघा, नवं सुरक्षित घर.

दार उघडलं. आत अंधार. दिवा लावला. मोहरी रंग छान दिसत होता, जोड फारसे दिसत नव्हते. वृंदाने ओनुमा-साननी ताणलेल्या त्या एका कोपऱ्यावरून हात फिरवला, म्हणाली, हे सुंदर झालंय. मी हो म्हटलं.

ईश्वरी भिंत चाचपत होती. मग एकदम जपानीत विचारलं, मादो कुठाय, खिडकी कुठाय. वर्षभर पुण्यात जपानीचा शब्द काढला नव्हता म्हणे. मी डिझाइन फीचर सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्या दिवशी ती खुर्चीवर चढून खिडकीत उभी होती. स्टेशनच्या रस्त्याकडे बघत, अंधार पडेपर्यंत, आणि अंधार पडल्यावरसुद्धा. इथे खिडकी नाही तर बाबा येतोय की नाही हे कसं कळणार?

चिडून विचारलं असतं तर उत्तर होतं माझ्याकडे. तिने नुसतं विचारलं.

वृंदा बाहेर जाऊन कांद्याच्या वाफ्याशी उभी राहिली.

सोमवार, १२ मार्च. संध्याकाळी.

अर्धी रजा टाकली. तीन वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातून निघालो. चालत. पाच वाजायला पंधरा मिनिटं असताना घरी. एक तास पस्तीस मिनिटं, सगळे सिग्नल धरून. अराकावा नदीवरचा पूल लांब आहे, वारा होता, पण पूल आहे. बाजूने चालायला नीट रस्ता आहे. घरी पोचलो तेव्हा चांगला उजेड होता.

भूकंपाने सर्व्हरला काही झालं नव्हतं. त्या दिवशी चार वाजताच सगळं हिरवं दिसत होतं. मी सकाळी सहापर्यंत हेल्मेट घालून टेबलाशेजारी बसून होतो. मला बाहेर पडायची भीती वाटली. पुलाची सगळ्यात जास्त. नंदकिशोर दारापाशी थांबून, चल शिरीष, बरोबर जाऊ, म्हणाला होता. दोनदा म्हणाला. ते त्याने वर्षभरात कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर वृंदाने एव्हाना माझ्या तोंडावर फेकलं असतं.

वृंदाने दार उघडलं, इतक्या लवकर कसा, ट्रेन बंद आहेत का म्हणून विचारलं. नाही म्हटलं. ट्रेन चालू आहेत. मग वर लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं, चपला न काढता, दारातच. तिने ऐकलं.  फॉर्म टेबलावर होता तिथेच आहे, कोरा.

ओनुमा-सानना फोन केला. रविवारी खिडकी कापायचीय, शिकवाल का विचारलं. त्यांनी परत सगळं समजावलं. मी हाय म्हटलं नाही, लिहून घेतलं.

ईश्वरी खिडकीत होती. तिला विचारलं, मी येताना दिसलो का. हो म्हणाली, पुलाच्या बाजूने कोणीतरी येताना दिसलं होतं. पण त्या बाजूने बाबा येईल असं तिला वाटलं नाही.