जिताड्याच्या खवल्यांचा चाफा

आई, परवा कपाटाच्या वरच्या फळीवरून तुझा बिस्किटांचा डबा खाली काढला. आम्ही आता डोंबिवलीत राहतो, तू न पाहिलेल्या घरात. डब्याचं झाकण गंजून इतकं घट्ट बसलंय की चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागतं. आत तुझी चाफ्याची फांदी आहे, जिताडा माशाच्या खवल्यांची. जराशी पिवळी पडलीय, पण एकही पाकळी तुटलेली नाही. त्या फांदीबद्दलच लिहायला बसलेय. बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं. तेही नाहीत, म्हणून तुला.

कळव्याच्या त्या दोन खोल्यांत तू कशाचं काय करायचीस! करवंटीचं कासव, जुन्या पडद्याचा माझा फ्रॉक, बाबांच्या फाटक्या छत्रीची भाजीची पिशवी. पण खरा जीव खवल्यांवर. ज्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही त्या घरची सून तू, आणि दर रविवारी मासळीबाजारात कोळीणमावशीसमोर रिकामा डबा घेऊन उभी. मी तुझा पदर धरून, नाक दाबून. मावशी खाडीचा जिताडा साफ करता करता हसतेय. "बाय गो, मासा खायाचा नाय, न् खवले कशाला नेतेस?" तू म्हणतेस, "फुलं करते, मावशी." "फुलं? मंग मना पन आन एक." तिला तू खरंच वेणी करून नेलीस. नारळीपुनवेला ती वेणी माळून मावशी आख्ख्या बाजारात मिरवली, आणि तेव्हापासून मोठाले खवले तुझ्यासाठी बाजूला पडू लागले.

बाबांचं एकच म्हणणं होतं, "अगं, स्वयंपाकघरात नको. बाकी सगळं तुझं राज्य." मग मोरीजवळ परात मांडून तू बसायचीस. आधी मिठाचं पाणी, मग सोड्याचं, शेवटी लिंबाचं. ओले असतानाच सुईने भोक पाडायचं, वाळल्यावर खवला कुणाचं ऐकत नाही. गच्चीवर उन्हात त्यांच्या कडा वळायच्या आणि पाकळी तयार. तार बाबा आणायचे, कारखान्यातल्या जळक्या मोटारीतली. नाक मुरडत आणायचे, पण न चुकता. आणि माझ्याकडे परीक्षकाचं काम. तुझं नाक त्या वासाला सरावलेलं, म्हणून प्रत्येक फूल तू माझ्या नाकाशी धरायचीस. "वास येतो का गं?" मी "येतो" म्हटलं की झालं, पुन्हा परात, पुन्हा लिंबू. मी कंटाळायचे, तू नाही. एकदा वैतागून म्हटलं, आला थोडा वास तर काय बिघडलं? तू म्हणालीस, "मग लोक मासाच बघतील गं. फूल कोण बघणार?"

शेजारच्या ताईच्या लग्नातलं रुखवत आठवतं? खोपटला, एसटी डेपोमागच्या हॉलमध्ये. लाडवांच्या ताटांच्या मधोमध तुझा मोगऱ्याचा गुच्छ. मुलाकडच्या आत्याबाई, कांदा-लसूणही न खाणाऱ्या, सरळ आल्या आणि गुच्छ उचलून नाकाला लावला. तू माझा हात इतका घट्ट दाबलास की तुझ्या बांगड्या मला रुतल्या. आत्याबाईंनी चांगला लांब श्वास घेतला. "वास नाही हो मुळीच. कागदाची दिसताहेत. पण काय हात आहे बाईचा!" तू मला ओढत बाहेर नळापाशी नेलंस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. संध्याकाळी बाबांना सांगितलं, तर बशीतला चहा त्यांच्या शर्टावर. तेव्हाच तू म्हणालीस, "तुझ्या रुखवतात चाफ्याचं आख्खं झाड उभं करीन. बघच तू." मी सहावीत होते. मला वाटलं, आईने म्हटलं म्हणजे झाड होणारच.

पुढच्या वर्षी तुझ्या पोटात गाठ निघाली. तू बाजारात जाईनाशी झालीस, पण झाडाचं वेड काही सुटेना. एका रविवारी बाबा तुझा डबा घेऊन निघाले, मी त्यांच्यामागे. आयुष्यात पहिल्यांदा ते मासळीबाजारात शिरत होते. मावशीने त्यांना पाहिलं आणि कोयता खाली ठेवला. "बायला बरा नाय का?" बाबांनी नुसती मान हलवली. त्या दिवशीचे खवले सगळ्यांत मोठे होते. घरी येऊन बाबांनी आंघोळ केली, मग परात धुतली आणि स्वतः तुझ्या मांडीवर ठेवली. स्वयंपाकघरातली परात होती ती, आई. तुझ्या लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही.

खवले एकदाच धुवून झाले, हातच उचलेनात तुझे. तरी उशीला टेकून दोन-तीन दिवसांत तू ही फांदी केलीस. माझ्या नाकाशी धरलीस. "वास येतो का गं?" मी हुंगलं. "येतो. थोडासा." "हात्तिच्या! उद्या परत धुऊ." सकाळी बाबा रिक्षा घेऊन आले आणि तुला पुलावरून ठाण्याच्या इस्पितळात नेलं. तू परत आली नाहीस. तो उद्या मला अजून सलतो, आई. दुसरं काही नव्हतं मागितलं तू, एक दिवस फक्त.

फांदी कुणी धुतली नाही. माझ्या लग्नात नात्यातल्या मावश्या-काकू म्हणाल्या, आईची आठवण म्हणून रुखवतात ठेवू या. बाबांनी डबा उघडला, हुंगलं, आणि झाकण लावलं. "नको. वास आहे अजून. तिला चाललं नसतं." मला बरंच वाटलं. कारण तोवर मला सवय लागली होती. फार आठवण आली की मी डबा उघडायचे आणि नाक आत घालायचे. खाडी, मीठ, मागून लिंबू. तुझ्या बोटांचा वास तोच होता. फोटोत तू नुसती दिसतेस, तिथे तू असायचीस.

परवा डबा उघडला आणि काहीच आलं नाही. गंजाचा वास, बस्स. लेकीला हाक मारली, ती आता मी तेव्हा होते तेवढी आहे. फांदी तिच्या नाकाशी धरली आणि तुझेच शब्द तोंडून गेले. तिने हुंगलं. "नाही गं आई, कसलाच वास नाही. पण किती सुंदर आहेत ही फुलं!"

हेच ऐकायला तू जन्मभर हात खरवडलेस. मी आनंदाने नाचायला हवं होतं. हे पत्र तर कुठे टाकायचं नाहीच, डब्यात फांदीशेजारी ठेवीन, म्हणून खरं काय झालं ते लिहिते. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, नीट हुंग. येत असेल गं, थोडासा.