कुशाबाईच्या पत्त्यासाठी

मी, कोंडिबा बिरदेव कोळपे, वय सत्तरीच्या पुढे, पूर्वीचा धंदा शाळेचा शिपाई, राहणार बिरोबाचा माळ, तालुका शिरूर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. कुणी धाक घातलेला नाही, कुणी पाजलेलं नाही. नजर अधू झाली आहे, डोकं शाबूत आहे. पत्नी साखरबाई मागेच गेली. मूलबाळ नाही. रक्ताचा म्हणावा असा पुतण्या इंद्रजीत.

कलम पहिले. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा इंद्रजीतला जावा. तो आजही तोच कसतो. त्यानं तेवढ्यावर समाधान मानावं.

कलम दुसरे. माझं दोन खणांचं घर आणि पुढची पडवी ही माझी स्वतःची कमाई आहे. ती माझ्यामागे श्रीमती कुशाबाई भैरू काळे, जात पारधी, यांना मिळावी. कारण लिहितो, म्हणजे उद्या कुणी म्हाताऱ्याला भूल पडली म्हणायला नको. कुशाबाईचा नवरा भैरू पोलिसांच्या ताब्यात असताना मेला. त्या खटल्याचं समन्स तिच्या नावानं निघतं आणि ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत जातं. राहील कशी? पाल टाकलं की गाव उठवतं, पाल उठलं की पत्ता गेला. माझ्या घराला ग्रामपंचायतीचा नंबर आहे. तो तिला मिळावा.

इंद्रजीत म्हणाला, “आबा, घर देवळाला द्या, मी हूं का चूं करणार न्हाई. पण तिला दिलं तर गाव मला पंगतीला बसू द्यायचं न्हाई.” तो खोटं बोलत नाही. त्याचंच वाईट वाटतं.

कलम तिसरे. माझी काळी घोंगडी हक्क मंडळातली माझी सोबतीण अनसाबाई हिला द्यावी. याच पडवीत आमच्या त्या मंडळाचं ऑफिस होतं. वकीलबाई प्रतिभाताईंनी ते उभं केलं, तेव्हा पडवीत पाय ठेवायला जागा नसे. काम एकच. गरीब माणसाला ठाण्यात नेलं असं कळलं, की आमच्यापैकी एकानं जाऊन ठाण्याच्या पायरीवर घोंगडी टाकून बसायचं. बाहेर कान आहेत म्हटल्यावर आतला हात जरा थबकतो. आणि बाहेर कुणी आहे हे आतल्याला कळावं, म्हणून मी शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायचो.

त्या कविता मला कुणी शिकवल्या नाहीत. घंटा देऊन व्हरांड्यात बसलं की वर्गातून पोरांचा एका सुरातला आवाज यायचा. खडूचा वास, दारातला लिंब, त्यातून येणारं ऊन. भिंतीपलीकडून ऐकलेलं जास्त पाठ होतं. भैरूचंही तसंच झालं. कुणाच्याही विहिरीवरची मोटर चोरीला गेली की आधी त्याला उचलत, त्यामुळे भिंतीच्या त्या बाजूनं त्याची चौथीपर्यंतची पुस्तकं झाली. मी ओळ म्हणायचो, पुढची तो पुरी करायचा. एकदा आतून म्हणाला, “मामा, पावसाची घ्या की. हितं लई उकडतंय.” पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा हसला होता.

शेवटच्या खेपेला आतून ओळ आली नाही. हवालदारानं मला चहा आणून दिला. म्हणाला, “म्हणा मामा, ऐकतोय त्यो. दमलाय म्हणून गप हाय.” मी घसा बसेपर्यंत म्हणत राहिलो. तोवर भैरूला मागच्या दारानं जीपमध्ये घालून पुलापलीकडे, दौंडच्या अंगाला नेलेलं होतं. तो भीमेच्या वाळूत सापडला. मग ही वाळू कुणाच्या हद्दीत येते यावर दोन्हीकडचे साहेब वाद घालत बसले, आणि कुशाबाई प्रेतावरच्या माश्या वारत बसली. नदीवरच्या इतक्या कविता मला पाठ, नदीला हद्द असते हे एकीतही नव्हतं.

ती जीप बाजारातल्या दुकानदारांनी पाहिली. कोर्टात कुणीच पाहिलेली नाही.

कलम चौथे. मंडळाचा पत्र्याचा बोर्ड सध्या पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून आहे. तो तिथंच राहू द्यावा. प्रतिभाताई आजारी होऊन पुण्याला गेल्या, बाकीच्यांना पोटं होती. उरलो मी आणि अनसाबाई. तिला आता पायरी चढवत नाही.

कलम पाचवे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. पहिली अनसाबाई. दुसऱ्या सहीसाठी मी माळावरचं एकही घर सोडलं नाही. ज्यांच्यासाठी घंटा दिली ती पोरं आता सोसायटीत आहेत, कुरकुंभच्या कंपन्यांत आहेत. सगळ्यांनी “बसा आबा” म्हणून चहा दिला. पेन कुणी दिलं नाही. कुशाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, “मामा, मानूस मेला तवा साक्षीदार घावला न्हाई. घराला कुठला घावतोय?” एवढ्या कवितांचा उपयोग काय, असं तेव्हा वाटलं.

दुसरी सही होत नाही तोवर हा कागद कोराच समजावा. मी दर बाजारी चावडीच्या पायरीवर घोंगडी टाकून बसेन आणि जमेल तोवर म्हणत राहीन. ज्याला ऐकू येईल त्यानं पुढची ओळ म्हणू नये. त्यानं येऊन सही करावी.

स्थळ : बिरोबाचा माळ, ता. शिरूर, जि. पुणे
दिनांक : ९ मार्च २००४

लिहून ठेवणार : कोंडिबा बिरदेव कोळपे (सही)

साक्षीदार १ : अनसाबाई ज्योतिबा कोकरे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार २ :