दोन लाद्यांचा सोफा

नायगाव, टॉवरचा चौदावा मजला,
रविवार, दुपारचा चहा अजून व्हायचाय.

आदरणीय गंगाधरदादास,

धाकट्या गुणाजीचा चौदाव्या मजल्यावरून वाकून नमस्कार. (एवढ्या उंचावरून वाकलं की गरगरतं, तरी वाकलो आहे, हे ध्यानात असू दे.) वहिनीचा खोकला कसा आहे? तुझ्या डोळ्याची पट्टी सुटली का? नसेल सुटली तर हे पत्र वहिनीकडून वाचून घे, पण तिला सांग की गाळून वाचायचं नाही. फोन करणार होतो, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू तुझ्या मनानं भरतोस. मागे मी आमच्या राजेशला ताप आलाय म्हणालो, तर तू गावभर त्याला बाप झाल्याचे पेढे वाटलेस. तो चोवीस वर्षांचा आहे रे, आणि अजून त्याचं लग्नही ठरलेलं नाही. शिवाय टेम्पोनं पाठवलेलं आबांचं बाकडं पोचलं असेलच. चाळीच्या पॅसेजमधलं ते धूड नव्या घरात कुठे ठेवणार, म्हणून मी तुला रागारागात 'सरपणात घाल' म्हणालो होतो. त्याबद्दल नंतर बोलू. तोवर त्याला हात लावू नकोस.

इकडे सगळं क्षेम, फक्त शेवंतीचे गुडघे सोडून. टॉवरमध्ये आल्यापासून तिच्या पायांना अशी सूज येते की संध्याकाळी तिचे घोटे सापडत नाहीत. परळच्या डॉक्टरनं बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, जमिनीवर बसणं बंद, पाठ टेकून आणि पाय उंच करून रोज दोन तास बसायचं. महिन्यानं परत दाखवायचंय. सूज उतरली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. डॉक्टरनं विचारलं, घरी कुठे बसता? तर ही म्हणते, उंबऱ्यावर. दादा, मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच सांगतो. अडतीस वर्षं संसार केला आम्ही चाळीतल्या खोलीत. खाट होती ती आजाऱ्याला, खुर्ची होती ती पाहुण्याला आणि बाकडं होतं ते आबांना. ही कुठे बसायची ते मी कधी बघितलंच नाही. मला बसण्याचं कळत नाही असं नाही. फोर्टच्या ऑफिसात चौतीस वर्षं लिफ्टमध्ये स्टुलावर बसलोय मी, बसणं म्हणजे काय ते या मुंबईत माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल? पण घरी आल्यावर जागेवरून उठवत नव्हतं म्हणून काय झालं, ही कुठे बसलीय ते बाजूला बघायला काय हरकत होती. तर ठरवलं, घ्यायचा तर चांगला सोफा घ्यायचा, शेवंतीसाठी, तोही पहिल्या नंबरचा.

राजेशनं मोबाईलवर एक सोफा शोधून काढला. आपण जसे हलू तसा तो हलतो म्हणे. पाठ मागे नेली की तो मागे जातो, कूस बदलली की तोही बदलतो. (असला समजूतदार माणूस आपल्या घराण्यात एक झाला नाही.) आम्ही परळच्या शोरूमला निघालो. आम्ही म्हणजे मी, शेवंती, राजेश, आणि चाळीत आपल्या शेजारच्या खोलीत राहणारा भिवा, कारण आपल्याकडे पंखा घ्यायचा तरी अख्खा मजला सोबत जायचा, आणि आता टॉवरमध्ये मजल्यापैकी समोरच्या दाराला भिवा तेवढा उरलाय. शोरूमच्या दारात आम्ही तिघांनी चपला काढल्या. आत एवढं चकचकीत होतं की पायांनीच ऐकलं नाही. राजेश दहा पावलं पुढे जाऊन आमच्याशी काही संबंध नसल्यासारखा उभा राहिला.

आता ऐक. ते शोरूम म्हणजे पूर्वीची गिरणी. आबांचीच. भिंती पाडून काचा लावल्यात, पण वर छपराच्या लोखंडी कैच्या त्याच आहेत. भिवाचा बाप आणि आपले आबा एकाच विणकाम खात्यात होते, त्यामुळे भिवा कैच्या मोजत मोजत पुढे गेला आणि एका करड्या सोफ्यापाशी थांबून म्हणाला, तुझ्या आबांचा साचा हितंच होता बघ. मला भरून आलं. आबा जिथे तीस वर्षं आठ-आठ तास उभे राहिले, तिथे मला आडवं व्हायला बोलावत होते. मग मी झालो आडवा.

हितेंद्र नावाचा विक्रेता होता, फार गोड मुलगा, मला 'अंकल' म्हणायचा आणि प्रत्येक 'अंकल'मागे हळूच एखादी महागडी गोष्ट सरकवायचा. म्हणाला, हा सोफा तुमची बॉडी शिकतो. म्हटलं शिकू दे, मी शिकवतो. आधी मांडी घातली. सोफ्याला वाटलं माणसाला पायच नाहीत, त्यानं पाय ठेवायची फळी वर केली, खाली केली, परत वर केली. मग एक गुडघा वर घेऊन बसलो, जसा मी सकाळी पेपर वाचायला बसतो. सोफा एका बाजूनं वर आला आणि दुसऱ्या बाजूनं रुसला. मग उकिडवा बसलो. हितेंद्र घाबरून म्हणाला, अंकल, सोफ्यावर असं कुणी बसत नाही. म्हटलं, बाळा, तुझा सोफा बसणाऱ्याशी जुळवून घेणारा ना? मग घेऊ दे की! शेवटी मी कुशीवर वळलो तेव्हा मात्र त्यानं पाठीखाली असा काही आधार दिला की माझ्या तोंडून 'आई गं' निघालं, आनंदाचं. शेजारच्या सीटवर भिवा तर घोरायलाच लागला. त्याला उठवायला गेलो तर सोफा त्याला सोडेना. हितेंद्रनं बटण दाबलं तेव्हा कुठे भिवा बाहेर आला, आणि बाहेर काढल्याबद्दल माझ्यावरच खवळला.

शेवंती मात्र सगळा वेळ उभी. हितेंद्र 'आंटी बसा', मी 'अगं बस', राजेश 'आई, प्लीज'. ती नुसती पुढे झाली, वांगं दाबून बघावं तशी तिनं गादी दाबली आणि म्हणाली, "बरो आसा. घरी बसान." मला वाटलं, लोकांसमोर लाजतेय. घरी बसेल म्हणालीय ना, झालं तर मग.

आता माझी चूक सांगतो. सांगतो म्हणजे कबूल करतो असं नाही. तुला आठवतंय, चाळीत आपण सगळं लाद्यांत मोजायचो. खोली दहा लाद्या रुंद, सोळा लाद्या लांब. ट्रंक दोन लाद्या, खाट सहा, पाहुणा झोपला तर दीड. साठ वर्षांत आपल्या मजल्यावर कुणी मोजायची टेप विकत आणली नाही आणि कुणाचं काही अडलं नाही. तर नव्या हॉलमध्ये दक्षिणेच्या भिंतीला, जिथे वास्तुशांतीच्या दिवशी तू स्वतः खिळा ठोकून आबांचा फोटो लावलास, त्याच्या खाली स्वयंपाकघराच्या दारापासून बाथरूमच्या दारापर्यंत मोजून तीन लाद्या जागा आहे. मी घरून मोजूनच निघालो होतो. दुकानात बघितलं तर सोफा जेमतेम दोन लाद्यांचा. दोन म्हणजे तीनपेक्षा कमी. वर एक लादी उरते, तिथे चपलांचं कपाट! हितेंद्र टेप घेऊन पुढे आला तर मी त्याला हातानंच थांबवलं. म्हटलं, आम्ही चाळीतली माणसं आहोत, आमची नजर हीच टेप. (भिवानंही मान डोलावली होती, आता नाही म्हणतो.)

सोफा आला त्या दिवशी कळलं की दुकानातली एक लादी चार फुटांची असते आणि आपल्या नव्या घरातली दोन फुटांची. हे सरकारनं कुठेतरी लिहून लावायला नको? सोफा भरला साडेसात फूट, आबांखालची जागा सहा फूट.

पण त्याआधी लिफ्टचं सांगायलाच हवं, नाहीतर तुला वाटेल गुणाजीला काहीच जमत नाही. सोफा दोन तुकड्यांत आला होता. हमाल जिन्यानं नेऊ म्हणत होते. मी म्हटलं, लिफ्टचं मला सांगू नका. एक सीट उभी-आडवी करत अशी काही आत बसवली की हमालांनी मला विचारलं, काका, कुठे होता कामाला? मी छाती फुगवून सांगायला बाहेर आलो आणि दार लागलं. सोफा एकटाच निघाला. आमच्या काळी लिफ्टला माणूस असायचा, तो विचारायचा, कुठे जायचंय? आता कुणी विचारत नाही. सोफा बाविसाव्या मजल्यापर्यंत गेला, मग जो बटण दाबेल त्याच्याकडे गेला. नवव्या मजल्यावर तिथल्या म्हाताऱ्या गंगुबाई आत शिरल्या. त्यांना वाटलं, बिल्डरनं म्हाताऱ्यांसाठी लिफ्टमध्ये बसायची सोय केली. त्या बसल्या आणि दोनदा खालीवर फिरल्या. आम्ही त्यांना तळमजल्यावर गाठलं तेव्हा त्या उठायला तयार नव्हत्या. अजून भेटल्या की विचारतात, सोय का काढली?

तर सोफा आबांखाली मावेना, म्हणून तो समोरच्या भिंतीला गेला. हमाल गेले. राजेशनं बसून बटण दाबलं, त्याची पाठ मागे गेली, पाय वर आले, आणि त्याचे दोन्ही तळवे थेट आबांच्या नाकासमोर! शेवंती स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होती, ती जागच्या जागी थिजली. "शिवशिव! मामंजींसमोर पाय? माका जमाचा नाय." बस्स. त्या दिवसापासून सतरा दिवस झाले, ती त्या सोफ्यावर बसलेली नाही.

मी काय केलं नाही सांग. म्हटलं, आबा गेले त्याला सोळा वर्षं झाली. तर म्हणाली, गेले म्हणून मान गेला काय? म्हटलं, आबांना आनंदच होईल. तर म्हणाली, ते बोलले काय तुमका? म्हटलं, पायांवर चादर घे. तर म्हणाली, चादरीखाली पाय नसतत काय? सोफा आडवा वळवून बघितला, तर स्वयंपाकघराचं दार बंद झालं आणि भिवा आत अडकला. फोटो दुसऱ्या भिंतीला हलवावा तर तो तू लावलेला, शिवाय गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेलाच असायचा हे तूच वास्तुशांतीला तासभर समजावलं होतंस. त्यामुळे ती बसते स्वयंपाकघराच्या दारात, प्लास्टिकच्या स्टुलावर, पाय लोंबकळत. आणि तिच्यासाठी आणलेल्या सोफ्यावर मी बसतो, नुसता रिकामा कसा ठेवायचा म्हणून. सोफ्यानं माझी बॉडी शिकूनही टाकली. चौतीस वर्षं लिफ्टचा दांडा डाव्या हाताला होता, त्यामुळे मी जरा डावीकडे कलतो. आता दुसरं कुणीही बसलं की सोफा त्याला डावीकडे कलवतो. राजेशच्या ऑफिसातले तिघे आले होते, तिघेही चहा पिताना कललेले, जशी काही लिफ्ट पाचव्याला थांबायची वाट बघतायत.

हसू नकोस. मी रोज तिच्या घोट्याकडे बघतो आणि मला माझीच लाज वाटते. डॉक्टरकडे जायला आठच दिवस उरलेत.

वहिनीस नमस्कार. काळ्या गाईला थोपट. तू सांभाळून राहा आणि पट्टी खाजवू नकोस.

तुझा धाकटा,
गुणाजी

ता. क. – एवढं लांबण लावलं ते यासाठी. आबांनंतर घरात थोरला तू. शेवंती माझं ऐकत नाही, पण थोरल्या भावोजींचा शब्द तिनं आजवर मोडलेला नाही. तू तिच्या नावानं दोन ओळी लिही, की आबांसमोर पाय वर करून बसायला माझी परवानगी आहे, नव्हे, हुकूम आहे. खाली सही कर आणि तारीख घाल. मी ते फ्रेम करून आबांच्या शेजारी लावीन.

दुसरं ता. क. – परवानगीचं राहू दे, लिहू नकोस. आत पाकीट शोधायला गेलो होतो, बाहेर येऊन बघतो तर शेवंती सोफ्यावर! पाठ टेकलेली, पाय उंच, घोटे मला तरी थोडे दिसायलासुद्धा लागलेत. आणि शेजारच्या सीटवर आबा. भिवाला हाक मारून तिनं फोटो उतरवून घेतला, उशी लावून आबांना बसवलं, त्यांचंही बटण दाबून त्यांना मागे कलवलं (डावीकडे), हार सरळ केला. दोघांची तोंडं कोपऱ्यातल्या टीव्हीकडे, आता कुणाचे पाय कुणासमोर नाहीत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पयलां मामंजींका बसवलंय, मगे मी बसलंय." मालिका संपली की त्यांना परत खिळ्यावर लावणार आहे, तेव्हा तू रागावू नकोस. दादा, मला रडू आलं, आणि ती मला म्हणाली, आवाज करू नका, मामंजी बघतायत.

तिसरं ता. क. – सोफ्याच्या दोन सीट, दोन्ही भरल्या. स्टूल भिवानं घेतलंय. हे मी फ्रिजवर कागद ठेवून उभ्यानं लिहितोय. आबांच्या खिळ्याखालची भिंत तशीच रिकामी आहे. तेव्हा ते बाकडं सरपणात गेलं नसेल तर मिळेल त्या टेम्पोनं परत पाठव. त्याआधी वहिनीला त्याची लांबी मोजायला सांग आणि मला फुटांत कळव. लाद्यांत नको.