खाकी कागदाचं पॅकिंग

मिस्त्री,

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. किती उशीर झाला ते मोजत नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, तरी अक्षर खालीवर जातंय. सातवी शिकलेला माणूस, पत्राची सवय नाही. कारखान्यात तुम्ही लॉगबुक लिहायला सांगायचात तेव्हाही मी दुसऱ्याकडून लिहून घ्यायचो, आणि तुम्हाला ते माहीत होतं. तुम्हाला बरंच माहीत असायचं आणि तुम्ही बोलायचा नाहीत. त्याबद्दलच लिहायला बसलोय.

चार दिवस झाले, तुमच्या मोटरसायकलच्या इंजिनाचा ब्लॉक माझ्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवलाय. शेजारी दुसरा ब्लॉक आहे, हुबेहूब तसलाच, पण आतून कुणी कानस न लावलेला. कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला, किती वर्षं शोधत होतो. या दोन्हींतला कुठला बसवायचा हे माझं ठरत नाही. मी उठतो, हात धुतो, परत येऊन बसतो. बायको म्हणते, "मी पोळ्या कोपऱ्यात उभी राहून लाटतेय. एक काय ते बसवा आणि माझी जमीन मोकळी करा." तिला मी सगळं सांगितलेलं नाही.

तुम्ही गाडी माझ्याकडे दिलीत तो दिवस मला रोज आठवतो. मोहन्याच्या कारखान्यात तुम्ही हेड फिटर, मी तुमच्या हाताखाली बारा वर्षं काढलेली. तुमच्या निवृत्तीला वर्ष राहिलेलं. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही बाकावर उजवा हात पसरून ठेवलात आणि म्हणालात, "बघ." बोटं थरथरत होती, वाऱ्यात पान हलतं तशी. "क्रँकचं बेअरिंग गेलंय, रिंगा गेल्यात. माझ्या हातून आता होणार नाही. तू कर. पण घरी कर, इथे दहा जणांचे दहा हात लागतात." मी म्हटलं, "मिस्त्री, बायको मला घराबाहेर काढेल." तुम्ही म्हणालात, "काढू दे. गाडी आत राहिली म्हणजे झालं."

गाडी लाल, दोन सायलेन्सरवाली, किक आणि गिअर एकाच दांड्याला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं आणि मागे निळा धूर सोडत जायचं. ती तुमची कमी आणि काकीची जास्त होती, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. काकीचा डावा पाय लहानपणापासून बारीक, चार पावलं चालली की थांबायची. पण गाडीवर तुमच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली की कल्याणचा बाजार, देऊळ, ठाण्याला बहिणीकडे, कुठेही जायची. तुम्ही इतकी हळू चालवायचात की सायकलवाले पुढे जायचे. पत्री पुलाच्या चढावर ट्रकच्या मागे ती गाडी मुंगीसारखी चढायची, पण कधी बंद पडली नाही. तेव्हा मला त्या हळू चढण्याची लाज वाटायची. असल्या इंजिनाला असं चालवणं म्हणजे घोड्याला घाण्याला जुंपणं, असं मी मनात म्हणायचो. मूर्ख होतो.

क्रँककेस तापवायच्या दिवशी तुम्ही दोघं रिक्षाने आलात. मी केस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, स्टोव्हवर ठेवलेली, बेअरिंगं शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये बर्फात. तुम्ही पाटावर बसून सांगताय, "घाई नको. पाण्याचा थेंब टाक. चर्र करून वाळला की तापली." काकी माझ्या बायकोला म्हणते, "आपण भाकरीच्या तव्याला काय करतो गं? हेच ना? यांना ते शिकायला अख्खा कारखाना लागला." तुम्ही हसताय. मी थेंब टाकतो, चर्र होतं, मी गार बेअरिंग उचलून तापून फुगलेल्या भोकात सोडतो आणि ते टक करून खाली बसतं, ठोकावं लागत नाही. तुम्ही मान हलवता. बारा वर्षांत तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलेली मला पाच-सहा वेळाच आठवते. जाताना काकीने बायकोला दोन सुके बोंबील बांधलेली पुडी दिली आणि मला म्हणाली, "लवकर जोड रे, माझे पाय तुझ्या घरी पडलेत."

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं. निवृत्तीला लोक नारळ आणि शाल देतात, मला वाटलं मी तुम्हाला अशी गाडी देईन की अख्खी कॉलनी वळून बघेल. ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे एक गॅरेजवाला होता, तो पोरांच्या गाड्या पळवून द्यायचा. त्याने मला समजावलं, ब्लॉकच्या आत धूर बाहेर जायच्या दोन खिडक्या असतात, त्यांची वरची कड कानशीने थोडी वर न्यायची. धूर लवकर सुटतो, गाडी सुसाट जाते. "आणि तोटा काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "हळू चालवायची नाही, एवढंच." हे वाक्य मी ऐकलं, मिस्त्री. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

कागदाची सुरळी ब्लॉकमध्ये घालून पेन्सिलने घासली, खिडक्यांचा छाप घेतला, त्यावर रेघ मारली आणि गोल कानस घेतली. तुमचा आवाज कानात होता. नवीन माणसाला तुम्ही पहिल्या दिवशी सांगायचात, "कानस पुढेच जाते रे, मागे येत नाही. आधी मोज." मी दोन मिलिमीटर मोजले आणि घासले. मग एका रविवारी सकाळी गाडी जोडून घोडबंदर रोडला घेऊन गेलो. तेव्हा तिथे दोन्ही बाजूंना झाडं आणि मध्ये मोकळा रस्ता होता, आता तिकडे बसमधून गेलं तर अर्धा तास एकाच इमारतीसमोर उभे असतो. गाडी सुरुवातीला अडखळली, गुदमरली, आणि मग एकदम कुणीतरी मागून ढकलावं तशी सुटली. मी एकटाच मोठ्याने हसत होतो.

तुम्ही मोहन्याच्या गेटपासून नाक्यापर्यंत एक चक्कर मारून आलात. गाडी स्टँडला लावलीत, टाकीवर हात ठेवलात.

"पळते," तुम्ही म्हणालात.

"आवडली?"

"सगळं मोजलंस ना?"

"हो मिस्त्री."

"मग झालं."

काकी तयार होऊन ओट्यावर बसली होती, नवी साडी, केसात अबोली. तुम्ही तिला मागे बसवलंत आणि बाजाराला निघालात. पुढचं मला शेजाऱ्यांकडून कळलं. पत्री पुलाच्या चढावर ट्रक पुढे, गाडी हळू झाली, इंजिन बंद पडलं. तुम्ही पुन्हा किक मारून जोरात रेस केलीत तर गाडीने असा झटका घेतला की काकी मागच्या मागे घसरली. लागलं फक्त कोपराला. पण त्यानंतर ती गाडीवर बसली नाही. तुम्ही लोकांना सांगितलंत, "हल्ली ती घाबरते." तुम्ही एकटेच गाडी घेऊन जायचात, तेही कमी कमी.

सहा-आठ महिन्यांनी खोपटला डेपोत मी काकीला कल्याणच्या एसटीतून उतरताना पाहिलं. एका हाताने दांडा धरलेला, बारीक पाय हवेत, मागचे लोक "अहो मावशी, चला ना" करतायत. मी धावत जाऊन हात दिला. "गाडीने नाही आलात?" माझ्या तोंडून निघून गेलं. ती घाम पुसत म्हणाली, "गाडी तरणी झाली रे. आम्ही म्हातारीच राहिलो." आणि हसली. मी तिची पिशवी घेऊन बहिणीच्या दारापर्यंत गेलो, वाटेत ती चार वेळा थांबली, आणि चारही वेळा मी सांगायचं ठरवलं. शेवटी मी विचारलं, "बोंबील मिळतात का हो अजून तसले?"

तुम्ही गेल्यावर काकीने निरोप पाठवला, "गाडी तू ने. तुझ्याच हातची आहे." मी आणली आणि दोन वर्षं कापडाखाली ठेवली. मग एकदा धीर करून ब्लॉक उचलला. ब्लॉकच्या खाली मी जाड पॅकिंग बसवलं होतं, ते नव्हतं. त्या जागी खाकी पाकिटाच्या पातळ कागदाचं पॅकिंग होतं, हाताने कापलेलं, कडा अशी नागमोडी की बघवेना. वर हेडखाली तांब्याची एक जादा चकती. ब्लॉक खाली बसवायचा, म्हणजे खिडक्या जितक्या खाली येतील तितक्या येतील, आणि पिस्टन वर आपटू नये म्हणून चकती. तुम्हाला पहिल्या चकरेतच कळलं होतं. त्या थरथरत्या हातांनी तुम्ही एकट्याने गाडी खोललीत, माझं घासणं पुसायचा प्रयत्न केलात, आणि मला काही बोलला नाहीत. कागदाच्या जाडीने कितीसा फरक पडणार. तुम्हालाही ते माहीत असणार, तरी केलंत.

त्याच आठवड्यात मी मोहन्याला गेलो, काकीला सांगायलाच गेलो. तिने चहा दिला. मी पावसात पत्रे गळतात का विचारलं, ती म्हणाली गळतात, मी वर चढून दोन पत्रे नीट केले आणि परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तिची समजूत काय होती, मला माहीत नाही. आपण घाबरट झालो असं तिला शेवटपर्यंत वाटलं, की तुम्ही तिला खरं सांगितलं होतं? "तुझ्याच हातची आहे" हे तिने साधं म्हटलं, की माहीत असून म्हटलं? मी हे वाक्य हजार वेळा उलटसुलट केलंय. माझ्यावरचा राग चालेल. पण तिने स्वतःला बोल लावला असेल तर ते मला सहन होत नाही.

आता हा न घासलेला ब्लॉक आहे. तो बसवला तर गाडी पुन्हा पूर्वीसारखी हळू चढेल. पण त्याला जाडच पॅकिंग लागतं, नाहीतर खिडक्या नको तितक्या खाली जातील. तुमचं कागदाचं काढून टाकावं लागेल. तुमचं ठेवायचं तर माझा घासलेला ब्लॉकही ठेवायला लागतो. दोन्ही एकत्र बसत नाहीत. चार दिवस मी हेच करतोय, एकदा हा उचलतो, एकदा तो. तुमचं पॅकिंग मी डायरीत दोन पानांत ठेवलंय, पुन्हा पुन्हा काढून बघतो, आणि त्याने ते फाटायला आलंय.

हे पत्र डायरीतच त्या पॅकिंगशेजारी राहील. आणि वर मी दोन मिलिमीटर लिहिलंय, ते खरं नाही. पहिली खिडकी दोनच घासली. दुसऱ्या खिडकीला हात घसरला, साडेतीनवर गेला. मग दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून मी पहिलीही साडेतीन केली. ती मी मोजून केली, मिस्त्री. तुम्ही काकीला सांगितलं होतंत का, एवढं मला कळवा. लवकर कळवा. आता माझेही हात थरथरायला लागलेत, आणि जे बसवायचं ते याच हातांनी बसवायचंय.