तीन हारांचं इंजिन

बारामती,
२१ नोव्हेंबर १९५७

प्रिय कुंडलिक,

एक पाव पाव, बे पाव अर्धा, त्रिक पाव पाऊण, चोक पाव एक. इंदापूरच्या शाळेत तुमचा वर्ग पावकी म्हणायला लागला की समोरच्या चिंचेवरच्या साळुंक्या उडून जायच्या. चाळीस जणांच्या त्या गलक्यात तुझा आवाज मला वेगळा ओळखू यायचा, कारण बाकीचे ओरडत असायचे आणि तू मोजत असायचास. मला त्याची चीड यायची. पाढे कसे कवितेसारखे डोलत म्हणावेत, असं माझं मत. तू मध्येच थांबून विचारायचास, "गुरुजी, पाव म्हंजी कशाचा पाव?" आज सकाळपासून तोच प्रश्न कानात घुमतोय. पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायची माझी रीत तुला ठाऊक आहे. या खेपेला हात धजत नाही.

एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे आले. म्हणजे आता पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अपूर्णांकांच्या सगळ्याच पाढ्यांना निरोप. तीन वर्षांपूर्वी पेन्शनीत निघालो तेव्हा वाटलं होतं, बारामतीला छोटंसं बिऱ्हाड करू, जुन्या वहीतल्या कविता पुन्हा सुवाच्य उतरवून काढू, संध्याकाळी कालव्याच्या काठाने फिरून येऊ. महिनाभरसुद्धा तसं झालं नाही. आप्पासाहेब आला. माझ्या शाळूसोबत्याला मला अजून अहोजाहो करता येत नाही, आणि आज तर करायचंही नाही. त्याने नुकतीच कऱ्हाकाठ इंजिन कंपनी काढली होती. मळ्यामळ्यात तेलाची इंजिनं पोचवायची, मोटेवरचे बैल मोकळे करायचे. दहा रुपयांचा एक शेअर. मला म्हणाला, "मास्तर, तुमी फकस्त सभेत अहवाल वाचायचा. आकडं माझ्या तोंडात खड्यावानी लागत्यात, तुमच्या तोंडातनं गोड येत्यात." मी फुशारलो. तीस वर्षं फळ्यासमोर घसा फोडला, पण गळ्यात हार कोणी घातला नव्हता.

तू त्या कंपनीत हिशेबनीस होतास, म्हणून पुढचं तुला सांगायची गरज नाही. तरी लिहितो. माझ्या हाताने कागदावर उतरलं पाहिजे. पंचावन्नच्या दिवाळीनंतरची ती पहिली सभा. वर्षाची विक्री साठ हजार, नफा नऊ हजार, शेकडा आठ लाभांश, हे मी साकीच्या चालीवर म्हणावं तसं वाचलं. शेवटी स्वतः रचलेल्या ओळीसुद्धा म्हटल्या, "इंजिन बोले पुक पुक पुक, पाटापाटातून वाहे सुख." टाळ्या थांबेनात. आणि तू मागच्या रांगेतून उठलास. "गुरुजी, नफा कागदावर हाय. पेटीत किती आलं, तेबी वाचा की." आप्पासाहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणालो ते तू विसरला असशील तर देव पावला, पण तू विसरणारा नाहीस. "हा कुंडलिक कवितेच्या तासाला झोपायचा, म्हणून उमेद म्हणजे काय ते याला कळत नाही." शंभर माणसं हसली. तुझे वडील गेणबा पहिल्या रांगेत बसले होते. ते पटका सावरत उठले आणि बाहेर गेले. तेव्हापासून ते मला रस्त्यात भेटले तरी दुसरीकडे बघतात. ते बरोबरच करतात.

सभेआधी तू एक घडी केलेला कागद माझ्या हातात दिला होतास. "सवडीनं वाचा, पर वाचल्याबिगर उभं राहू नका," म्हणाला होतास. मी तो न वाचताच कवितांच्या वहीत खूण म्हणून घातला. आठ दिवसांत तुझी नोकरी गेली. तू वालचंदनगरला टाइमकीपर झालास, बायकोला, कौसल्येला, घेऊन क्वार्टरमध्ये राहतोस, एवढं कळत होतं. पत्र लिहावं असं वाटलं नाही. खरं म्हणजे वाटलं, पण दर वर्षी आठ टक्के हातात येत होते, मग चूक तुझीच असणार असं मनाला पटवणं सोपं गेलं.

परवा आप्पासाहेब पुन्हा आला. कंपनी पन्नास हजारांचे नवे शेअर विकणार आहे, येत्या रविवारी सभा आहे, त्यासाठी चार ताज्या ओळी हव्यात. जुनी वही उघडली. तुझा कागद खाली पडला.

कुंडलिक, तुझं अक्षर अजून तसंच आहे, शून्य पूर्ण गोल. वर्षभरात द्यायची देणी अठ्ठेचाळीस हजार. समोर कंपनीजवळचं सगळं मिळून बहात्तर हजार. म्हणजे देण्याच्या दीडपट, दिडकी. हीच दिडकी मी सभेत छाती फुगवून वाचली होती. त्याखाली तू लिहिलं होतंस, "यातली गिऱ्हाइकांकडची येणी ४५ हजार, न खपलेले सुटे भाग १५ हजार. दोन्ही वगळा." राहिले बारा हजार. अठ्ठेचाळिसाला बारा. पावकी. त्याच्याखाली साठ हजारांच्या विक्रीतले पंचेचाळीस हजार आलेच नाहीत, म्हणजे पाऊण वर्षाची विक्री नुसती वहीत. आणि मग तो साधा तक्ता, ज्यात नफा हा शब्दच नव्हता. रोकड काय आली, रोकड काय गेली. गिऱ्हाइकांकडून आले पंधरा हजार. इंजिनांच्या कारखान्याला, पगाराला, भाड्याला गेले सत्तावीस. तूट बारा. वर द्यायच्या लाभांशाचे चार. हे सोळा हजार कुठून? तू उत्तर लिहिलं होतंस, "नव्या शेअरच्या पैशातून." पाव म्हणजे कशाचा पाव, ते मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझ्या विद्यार्थ्याने शिकवलं, आणि तेही दोन वर्षं उशिरा.

तरी माझ्या अडेलपणाला पुरावा हवा होता. काल दुपारी गोदामात गेलो. राखणदार भिमा तुझी आठवण काढत होता. आत ओळीने इंजिनं उभी. तुला ती रीत माहीत आहेच. दसऱ्याच्या मुहूर्तावर शेतकरी येतो, इंजिनाला हार घालतो, नारळ फोडतो, सव्वा रुपया ठेवतो आणि नावाची चिठ्ठी बांधून जातो. गुळाचा पैसा हातात आला तर इंजिन नेतो, नाही आला तर सव्वा रुपया देवाला गेला म्हणतो. कोणी कोणाला फसवत नाही, मुहूर्त चुकू नये एवढंच. आणि आप्पासाहेब दिवाळीला वही बंद होण्याआधी त्या सव्वा रुपयाची दीड हजाराची विक्री लिहून टाकतो. कोपऱ्यातल्या एका इंजिनाच्या चाकावर तीन हार होते. वरचा यंदाचा, झेंडू वाळलेला. त्याखाली काळा पडलेला. सगळ्यांत आत नुसता दोरा. चिठ्ठ्याही तीन, तीन वेगवेगळ्या गावच्या. तेच इंजिन तीन वर्षं विकलं गेलं, तीनदा नफा झाला, दोनदा मी तो गाऊन दाखवला, आणि तिसऱ्यांदा येत्या रविवारी गाणार होतो. भिमा हसून म्हणाला, "गुरुजी, हिची लगनं तीन झाली, पर नांदायला एकडावबी गेली न्हाई."

मला हसू आलं नाही. मला छबूबाई आठवली. काटेवाडीची, मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन बाजारात बसणारी. नवरा गेल्यावर पाटल्या मोडून तिने दहा शेअर घेतले, कंपनी बघून नव्हे, मला बघून. अहवालातलं एक अक्षर तिला वाचता येत नाही. पहिले आठ रुपये हातात आले तेव्हा पेढे घेऊन आली होती. मी ते पेढे खाल्ले. ते कुणा दुसरीच्या पाटल्यांचे होते.

काल संध्याकाळी आप्पासाहेबाला तुझा कागद दाखवला. त्याने चष्मासुद्धा लावला नाही. "मास्तर, गुळाचा पैसा येतो, जातो. तुमी कवी मानूस. ह्या पोराचं खूळ कशाला डोक्यात घेता?" आणि उठताना म्हणाला, "रविवारी तुमच्या चार वळी झाल्या की लोक रांग लावतील बघा." मला तेव्हा कळलं, त्याने मला मित्र म्हणून कधी बोलावलंच नव्हतं. इंजिनाला हार लागतो तसा मी लागत होतो.

आता हे पत्र का, ते. रविवारी मी ओळी म्हणणार नाही. तुझा कागद वाचणार आहे, वरपासून खालपर्यंत, चाल न लावता, तुझं नाव घेऊन. ज्या शंभर जणांसमोर तुला हसं केलं, त्यांच्यासमोर तुझी माफी मागणार आहे. कागद तुझा आहे, म्हणून परवानगी हवी. तू ये असं म्हणायचा अधिकार मी घालवला आहे. आलास तर मागे बसू नकोस. नाही आलास तर उलट टपाली एकच शब्द लिही. घाबरलो आहे हे तुझ्यापासून लपवत नाही. लोक विचारतील, मास्तर, दोन वर्षं कागद तुमच्याच घरी होता ना? त्यांना काय सांगायचं ते ठरवायचं आहे. त्यासाठी रविवारपर्यंत तीन दिवस आहेत, असं आता लिहिणारच होतो, तेवढ्यात दार वाजलं. तू असशील असं उगीचच वाटून गेलं.

छबूबाई आहे. भाजीची पाटी नाही, पदरात काहीतरी गच्च बांधलेलं. उंबऱ्यात उभी राहूनच म्हणते, "म्हस इकली गुरुजी. तुमी रैवारी बोलनार म्हनल्यावर गर्दी हुईल, म्हनलं शेअरचं पैसं आदीच द्यावं." गाठ सोडायला लागली आहे. सभेला वेळ आहे, हिला मात्र खरं आत्ताच सांगायला हवं. लेखणी ठेवतो.

तुझाच अपराधी,
रामहरी मास्तर