आठवड्यातले दोन दिवस

बाबा, काल ऑफिसात एका मुलीला मी नाही म्हटलं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी सांगावंसं तुम्हालाच वाटलं. नोकरीसाठी घेतलेल्या परीक्षेत ती सगळ्यांच्या पुढे होती. चाकाच्या खुर्चीतून येते, राहते विश्रांतवाडीला, आणि आमच्या कंपनीच्या बसला चढायला तीन उंच पायऱ्या. "मॅडम, आठवड्यातले दोन दिवस घरून काम केलं तर चालेल?" एवढंच तिनं विचारलं, शेजारी विरजण मागावं इतक्या सहज. माझ्या अधू पायातला कॅलिपर पाहून धीर आला असेल. परदेशी ग्राहकांसाठी जागणाऱ्यांना हीच परवानगी मी दर आठवड्याला देते.

आठवतं? मी सहावीत आहे, तुम्ही स्वारगेट डेपोत टाइमकीपर. बसमध्ये अपंगांची सीट रिकामी आहे, मी बसते. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "ऊठ. ती अपंगांसाठी आहे." मी घरापर्यंत दांडी धरून उभी. जेवताना आई म्हणाली, "अहो, पाय सुजलाय तिचा." तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "आज सीट मागेल, उद्या दया मागेल." जेवण झाल्यावर मात्र तेलाची वाटी घेऊन तुम्हीच माझा पाय चोळत बसलात. मला तेव्हा तुमचा राग आला होता आणि तुम्ही उठू नये असंही वाटत होतं.

हिंजवडीच्या नोकरीच्या अर्जात अपंगत्वाच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. तुम्ही डेपोभर पेढे वाटलेत. सतरा वर्षं झाली, पावणेसातची बस मी एकदाही चुकवलेली नाही. पाय किती दुखतो हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही.

काल निवड करायला आम्ही तिघं होतो. बाकीचे दोघं तिला घ्यायला तयार होते. मी म्हटलं, "मला रोज यायला जमतं, तर तिला का नाही?" माझ्यापुढे ते काय बोलणार? फाइल मिटली. आज नकाराचा मेल मीच पाठवला, वर चहा प्यायले. काही वाटलं नाही. चहा गार होता, तेवढं कळलं.

हे पत्र कुठं पाठवायचं म्हणा. लिहायला बसले ती सगळा दोष तुमच्यावर टाकून मोकळं व्हायला. पण ती इतक्या सहज विचारत होती तेव्हा तुम्ही माझ्या मनातही नव्हता, बाबा. मला फक्त तिचा हेवा वाटला.